मापावरची मूठ

आईचा फोन आला तेव्हा पेरूच्या राजधानीत, लिमात, सकाळचे सात वाजले होते आणि मंचरला संध्याकाळचे साडेपाच.

"आज आषाढी आहे गं, लक्षात आहे ना?"

नव्हतं लक्षात. ६ जुलै, रविवार, जिच्याकडे उतरले होते त्या भाचीला सुट्टी, एवढंच डोक्यात होतं. दिवसभर बाजारात आणि खाणावळींत हिंडायचं, जे आवडेल ते खायचं, असं आदल्या रात्री दोघींनी ठरवलं होतं. मी एकादशी करत नाही हे आईला माहीत आहे. तरी दर वेळी ती आठवण करून देते, लांब असले की हटकून. मग तिने तिच्या ताटात काय काय होतं ते सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, तुपातल्या रताळ्याच्या गोड फोडी आणि शेजारच्या काकूंनी दिलेली राजगिऱ्याची वडी. पठारावर पाऊस चांगला झालाय, बटाट्याची लागवड उरकत आलीय, हेही सांगितलं. आमचं शेत सातगाव पठारावर आहे. तिथे पावसाळ्यात बटाटाच. पंजाबातून बेणं येतं, जून-जुलैत लावलं की दसऱ्याच्या आगेमागे निघतं. त्या बटाट्यावर आमची शिक्षणं झाली.

"आणि तू काय खाणार आज?" आईने विचारलं.

"बघू. बाजारात निघालोय."

खाली उतरलो तर आभाळ खाली आलेलं. लिमाच्या हिवाळ्यात 'गारुआ' पडतो. धुक्याहून दाट, पावसाहून पातळ. केसांवर बारीक मोत्यांसारखा बसतो, पण छत्री उघडावी एवढाही नसतो. या राखाडी आभाळाला इथले लोक 'पान्सा दे बुर्रो' म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. किनाऱ्याला लागून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. तो हवा गार ठेवतो, म्हणून ढग दाटतात पण बरसत नाहीत. एक कोटी माणसांचं शहर वाळवंटात वसलंय आणि महिनोन्महिने ओलसर राहतं. समुद्रात मात्र याच थंड पाण्यामुळे मासळीची खाण आहे.

कोपऱ्यावर एमोलियेन्तेची गाडी होती. भाजलेले जव, जवस, घोड्याची शेपटी नावाची एक वनस्पती आणि आणखी काही पाला उकळून केलेला हा काढा. गाडीवाल्याने मोठ्या भांड्यातला गरम काढा पेल्यात घेतला, बाटलीतून जवसाचा चिकट रस त्यात ओतला, लिंबू पिळलं आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून खालीवर केलं. ती धार तुटत नव्हती, काकवीसारखी लांबत होती. पहिल्या घोटाला जरा बुळबुळीत लागलं. दुसऱ्या घोटाला घसा शेकला. बरोबर पावात अ‍ॅव्होकॅडो कुस्करून मीठ लावलेलं. त्याला इथे पाल्ता म्हणतात. भाची नेहमी रविवारी पाव आणि चिचार्रोन खाते, म्हणजे तळलेलं डुक्कर, त्यावर रताळ्याच्या जाड चकत्या आणि लिंबू लावलेला कांदा. मी तिच्या पावातली रताळ्याची एक चकती काढून खाल्ली. आईच्या ताटातलं पहिलं काहीतरी माझ्या तोंडात गेलं ते असं, न ठरवता.

माझा पेला रिकामा झाला. गाडीवाल्याने काही न बोलता भांड्यात उरलेला काढा परत त्यात ओतला. मी पैशांसाठी पर्स उघडायला लागले.

"नको आत्या, ती यापा आहे," भाची म्हणाली.

यापा हा क्वेचुआतला शब्द, इथल्या डोंगरातल्या मूळच्या लोकांच्या भाषेतला. भर घालणे, वाढवणे असा मूळ अर्थ. माप झाल्यावर, पैसे ठरल्यावर, विकणारा वरून जे देतो ते यापा. रसवाल्याकडे उरलेला अर्धा पेला, भाजीवालीकडे दोन मिरच्या, धान्यवाल्याकडे एक मूठ. मागितली तरी कोणी रागवत नाही. मला मंचरच्या बाजारातला भाजीवाल्या मावशींचा हात आठवला. वजन झालं की तो हात आपोआप कोथिंबिरीकडे जातो, ताजव्याकडे बघतसुद्धा नाही.

सुर्कियोचा एक नंबरचा बाजार भाचीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. खाली खोलगटातून द्रुतगती रस्ता जातो. पलीकडे मिराफ्लोरेसच्या उंच इमारती, अलीकडे हा बाजार. आत शिरल्याबरोबर दोन्ही बाजूंनी 'कासेरिता, कासेरिता' अशा हाका. हे संबोधन मला फार आवडलं. विकणारी गिऱ्हाइकाला कासेरा म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला कासेराच म्हणतं. नेहमीची, घरची, असा त्याचा भाव. आपण मावशी म्हणतो आणि पलीकडून ताई येतं. इथे दोघींना एकच शब्द पुरतो.

फळांपाशी थोडंच थांबलो. चिरिमोया हे सीताफळाच्याच कुळातलं. डोळ्यांऐवजी सालीवर कोणी अंगठा दाबून ठसे उमटवावेत तसं दिसतं. गर मात्र डोळे मिटून खाल्ला तर ओळख पटते, फक्त तो अधिक सायीसारखा, रवाळपणा नसलेला. लुकुमा कापून दाखवलं. आत उकडलेल्या बलकासारखा कोरडा पिवळा गर, आणि चव जवळजवळ खव्याची. इथे ते आइस्क्रीममध्ये घालतात.

मग बटाट्याची गल्ली आली आणि मी तिथून तासभर हलले नाही.

बटाट्याच्या घरात वाढलेल्या बाईला बटाटा ओळखता येत नाही, हा अनुभव मी याआधी घेतला नव्हता. आमच्या पठारावर बटाटा म्हणजे पिवळसर पांढरा, लांबट किंवा गोल, एवढ्यावर विषय संपतो. इथे एका बाईसमोर वीसेक टोपल्या. 'पापा आमारिया' खडबडीत, आतून हळदीसारखी पिवळी, शिजली की हाताने न चेपता आपोआप फुटणारी. 'वायरो' तांबूस जांभळी, रस्सा पिऊन घेणारी. 'पेरुआनिता' अर्धी लाल, अर्धी पिवळी, जणू दोन बटाटे जोडून शिवलेत. मागच्या छोट्या टोपल्यांत डोंगरातले देशी बटाटे. बोटासारखे, गोगलगायीसारखे, काळे, गुलाबी. एक कापून तिने दाखवला तर आत पांढऱ्यावर जांभळं कडं, बीट कापल्यावर दिसतं तसं.

अँडीजमध्ये बटाट्याच्या सुमारे चार हजार जाती आहेत. तितिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच मुलखात माणसाने सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानटी, कडू, विषारी कंदातून खाता येईल असा बटाटा घडवला. लिमातच ला मोलिना भागात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, १९७१ सालापासून. जगभरच्या जातींचा ठेवा तिथे जपून ठेवलाय. पण त्या चार हजारांतल्या बहुतेक आजही कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या वावरात आहेत, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर. एकाच वाफ्यात पाच-दहा जाती मिसळून लावतात. एखादी थंडीने गेली, एखादी रोगाने गेली, तरी काहीतरी हाती लागतं. आमच्याकडे एका वर्षी करपा आला तेव्हा अख्खं पठार एकदम काळं पडलं होतं, कारण अख्ख्या पठारावर एकच वाण होतं. ते वर्ष मला आठवतं. वडील बांधावर नुसते उभे राहायचे.

विकणारी बाई साठीची असेल. मूळची आयाकुचोची. ऐंशीच्या दशकात तिकडे बंडखोर आणि लष्कर यांच्यामध्ये गावं भरडली गेली. सत्यशोधन आयोगाने २००३ साली अहवाल दिला, त्यात मृतांचा आणि बेपत्तांचा अंदाज ६९ हजारांच्या वर आहे, आणि त्यातले चारात तीन क्वेचुआ किंवा तशीच एखादी मूळची भाषा बोलणारे. त्या काळात हजारो कुटुंबं डोंगर उतरून लिमात आली, तसंच हिचंही. याबद्दल तिने एवढंच सांगितलं की ती तेव्हा शाळेत जायची. भावाचं शेत अजून आहे. हे काळे-गुलाबी बटाटे त्याच्या वावरातून येतात.

भाचीने तिला सांगितलं की माझ्याही माहेरी बटाट्याची शेती आहे. तिचा चेहरा बदलला. तुमच्या भाषेत काय म्हणता, तिने विचारलं. "बटाटा," मी म्हटलं. ती हसली. तिच्यासाठी बटाटा म्हणजे 'पापा', क्वेचुआतला जुना शब्द. 'बटाटा' तर तिच्या कानाला रताळं. आणि तिचंच बरोबर आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत रताळ्याला बटाटा म्हणत. युरोपीय लोकांनी दोन कंदांची गल्लत केली, पोर्तुगीज तो शब्द घेऊन आपल्या किनाऱ्यावर उतरले, आणि तेव्हापासून आपण एका कंदाला दुसऱ्याच्या नावाने हाका मारतोय. मी हे सांगितल्यावर ती शेजारणीला ओरडून म्हणाली, "ऐकलंस का, यांच्याकडे पापाला रताळं म्हणतात!" आणि शेजारच्या दोघी-तिघी मला बघायला आल्या.

भाचीने एक किलो पापा आमारिया घेतली. वजन झालं. बाईने मागच्या टोपलीत हात घातला आणि एक बटाटा वर ठेवला. यापा. तो बटाटा म्हणजे नुसती टेंगळं. आल्याच्या कुडीसारखा वेडावाकडा, खाचाखाचांचा, काळसर जांभळा. एक टेंगूळ संपत नाही तोवर दुसरं.

"कचुन वकाची," ती म्हणाली.

मग भाचीला तिने अर्थ समजावून सांगितला आणि भाची मला मराठीत सांगताना थांबलीच. "आत्या, याचं नाव आहे सुनेला रडवणारा."

नवी मुलगी घरात यायची असली की होणारी सासू हा बटाटा तिच्या हातात देते आणि सोलायला सांगते. साल पातळ निघाली पाहिजे, गर वाया जाता कामा नये, सगळ्या खाचा स्वच्छ झाल्या पाहिजेत. जमलं तर मुलगी संसाराची. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पाचशे वर्षांपूर्वी ज्यांना आपलं नाव माहीत नव्हतं अशा लोकांत, बटाट्याला हे नाव आहे. मला माझी आजी आठवली. नव्या सुनेची भाकरी तव्यावर फुगते का, हे बघत ती चुलीपुढे बसायची. आई त्या परीक्षेला बसली होती. भाकरी फुगली नाही, ही गोष्ट ती अजून सांगते.

शेजारच्या पोत्यांत चुन्यो होता. काळे, खडीसारखे हलके गोळे. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री उघड्यावर बटाटे पसरतात, ते गोठतात. दिवसा उन्हाने सुटले की बायका-पुरुष अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. पुन्हा रात्र, पुन्हा ऊन. असं काही दिवस केलं की बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांची कोठारं यानेही भरलेली असत. मी एक गोळा हातावर घेतला, वजनच नव्हतं त्याला. त्याच्या बाजूला 'पापा सेका', म्हणजे उकडून, बारीक तुकडे करून वाळवलेला बटाटा. मधाच्या रंगाचे, दातांनी न फुटणारे खडे. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर जुन्या नऊवारीवर पसरलेला बटाट्याचा कीस आणि हे खडे यांत मला फरक दिसेना. राखणीला बसवलेल्या पोरांनी अर्धवट वाळलेला कीस चोरून खायचा, हेही तिकडे होत असेलच.

मग मी आपोआप शोधायलाच लागले. पुढच्या गाळ्यावर युका, हातभर लांब, मातकट साल. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा कंद. याच्याच पिठाचा आपला साबुदाणा होतो. त्याच्या पुढे किविचा. पिवळसर, मोहरीहून बारीक दाणे, आणि बाजूला त्याच्याच लाह्यांच्या मधात बांधलेल्या वड्या. मी एक वडी मोडून तोंडात टाकली. राजगिरा. काकूंची वडी आणि ही वडी, फक्त गुळाच्या जागी मध. पलीकडे कामोते, म्हणजे रताळी, केशरी, जांभळी, पांढरी. आणि शेंगा. भाजलेल्या, खारवलेल्या, कच्च्या.

आईचं ताट त्या एका गल्लीत जवळजवळ पुरं होत होतं. वरी आपली, तूप आपलं, जिरंही निदान आपल्या बाजूचं. बाकी साबुदाणा, दाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, मिरची, सगळी मंडळी या खंडाकडची. (मिरचीबाबत नेमकं सांगायचं तर आपल्याकडची बहुतेक मेक्सिकोच्या बाजूची. इथली 'आही आमारियो' वेगळ्या जातीची, आणि 'रोकोतो' तर आणखी वेगळी, तिच्या बिया काळ्या असतात.) उपासाला धान्य वर्ज्य, कंद चालतात. त्या वाटेने ही परकी मंडळी आपल्या घरात आली. आणि आपण त्यांना कुठे बसवलं? रोजच्या ताटात तर बसवलंच, पण विठोबाच्या दिवशीच्या ताटातही बसवलं. त्या ताटाइतकं सोवळं ताट आपल्याकडे दुसरं नाही. हे मला लिमाच्या बाजारात उभं राहून प्रथम जाणवलं आणि माझे डोळे भरून आले. आपल्या आज्या-पणज्यांनी कोणाला न विचारता हे करून टाकलं होतं.

शेंगांच्या ढिगापाशी मला चार दिवसांपूर्वीचं लांबायेके आठवलं. उत्तरेकडच्या त्या गावी सिपानच्या राजाचं संग्रहालय आहे. १९८७ साली वॉल्तेर आल्वा यांच्या चमूने मोचे संस्कृतीच्या त्या राजाची न लुटलेली कबर उघडली. राजा सतराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या गळ्यात एक माळ होती. शेंगांची. दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. उजव्या बाजूला सोनं, डाव्या बाजूला चांदी. टरफलावरची जाळीदार नक्षीसुद्धा सोनाराने उठवलेली. काचेसमोर उभं राहून मी विचार करत होते की याला हिरे-माणकं, फुलं, पक्षी काहीही करता आलं असतं. त्याने भुईमुगाची शेंग केली.

१५३२ साली स्पेनच्या पिसारोने काहामार्कात इंका राजा आताउआल्पाला पकडलं. सुटकेसाठी राजाने एक खोली सोन्याने भरून दिली. दागिने, मूर्ती, भांडी वितळवून लगडी पाडल्या, वजनं झाली, स्पेनच्या राजाचा पाचवा हिस्सा बाजूला काढला. आणि खंडणी घेऊनही १५३३ साली आताउआल्पाला मारलं. त्या सोन्याचं काय झालं? युद्धांत गेलं, सावकारांकडे गेलं. पण तशाच गलबतांतून, त्याच शतकात, कोणाच्या शिध्यात, कोणाच्या कुतूहलापोटी, बटाटा गेला, रताळं गेलं, शेंगा गेल्या. मोजलं गेलं ते सोनं. ही मापावरची मूठ होती. आमच्या घरात अजून रोज सकाळी दाण्याचं कूट होतं ते त्या मुठीतलं.

बाराला बाजारातल्याच एका सेविचेच्या ओट्यावर बसलो. सेविचे, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा, दुपारीच खायचा. बहुतेक दुकानं चार-पाचपर्यंत बंद होतात, कारण मासळी पहाटेची आणि बर्फ नव्हता त्या काळापासून लागलेली सवय. युनेस्कोने २०२३ साली सेविचेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण ओट्यावरच्या बाईला त्याचं काही नव्हतं. ती कामात होती. मासा तिने बोटभर चौकोनात कापला. आधी मीठ. मग पिसासारखा पातळ चिरलेला लाल कांदा, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर. आणि मग लिंबं. छोटी, हिरवी, पातळ सालीची, अगदी आपली कागदी लिंबं. प्रत्येक अर्धं ती मुठीत धरून एकदाच दाबत होती आणि टाकून देत होती. निम्मा रस तसाच राहिला.

मला राहवलं नाही. भाचीकरवी विचारलं.

"शेवटचा थेंब कडू असतो," ती म्हणाली.

आई हेच सांगते. पोह्यांवर लिंबू पिळताना माझ्या हातावर चापट मारून सांगायची. आणि लिंबू काही इथलं नाही. ते आशियातलं, आपल्या बाजूचं. अरबांकडून स्पेनला आणि स्पॅनिश गलबतांतून पेरूला आलं. कांदाही तिकडचाच. म्हणजे पेरूच्या सगळ्यात लाडक्या पदार्थात मासा, मिरची, रताळं, मका यांच्या शेजारी आपल्याकडची दोन जणं बसली आहेत, आणि त्यांनाही इथे कोणी परकं म्हणत नाही.

मासा चार-पाच मिनिटांत बाहेरून पांढरा झाला, आतून अजून काचेसारखा. पूर्वी तासन्‌तास लिंबात मुरवायचे. हा वेळ कमी केला तो इथल्या जपानी स्वयंपाक्यांनी, असं सांगतात. शेजारी उकडलेल्या रताळ्याची जाड फोड, सुपारीएवढ्या दाण्यांचा मका, भाजलेला खारा मका. आंबट, तिखट, खारट असं सगळं एकदम जिभेवर आलं की रताळ्याचा एक घास घ्यायचा. तो सगळ्यांना शांत करतो. खाली उरलेला दुधट रस, 'लेचे दे तिग्रे', भाचीने वाटी उचलून पिऊन टाकला. एकादशीला मासा खाल्ला हे आईला सांगायचं की नाही, हा विचार मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

दुपारी बाररान्कोला गेलो. वाटेत भाचीने मिराफ्लोरेसमधलं 'माइदो' ज्या बाजूला आहे तो रस्ता दाखवला. जपानी-पेरूवियन स्वयंपाकाचं ते रेस्टॉरंट आदल्याच महिन्यात, जून २०२५मध्ये, जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत पहिलं आलं. १८९९ साली 'साकुरा मारू' या बोटीने ७९० जपानी मजूर काय्याओ बंदरात उतरले, ऊसमळ्यांत राबायला. त्यांच्या आधी, १८४९पासूनच्या पंचवीस वर्षांत, सुमारे लाखभर चिनी आले. आठ-आठ वर्षांच्या करारावर, पक्ष्यांची विष्ठा खणायला आणि कापूस वेचायला. त्यांच्यामुळे लिमात आल्याला आजही 'किओन' म्हणतात, कँटोनीज शब्द. राबायला आणलेल्यांनी शहराची जीभ घडवली, हे इथे प्रत्येक चुलीवर दिसतं.

आम्ही बसलो ते 'वारिके'त. आडगल्लीतल्या, पाटी नसलेल्या, माहीतगारांच्या खाणावळीला इथे असं म्हणतात. सहा टेबलं, स्टीलची भांडी, भिंतीवर संतांचं चित्र. पहिल्यांदा आली काउसा. पिवळ्या बटाट्याचा लगदा, त्यात आही मिरचीची पेस्ट, तेल, लिंबू. मध्ये थर अ‍ॅव्होकॅडोचा आणि कोंबडीचा. थंडच खायची. रंग इतका आपल्या बटाट्याच्या भाजीचा की तोंडात हळदीची चव यायची मी वाट पाहत होते. ती आली नाही. तिच्या जागी फळासारखा गंध असलेला तिखटपणा आला. मग कारापुल्क्रा. सकाळी पाहिलेले ते मधाच्या रंगाचे वाळवलेले बटाट्याचे खडे, भिजवून, सुक्या लाल मिरचीच्या वाटणात तास-दोन तास शिजवलेले, आणि दाटपणासाठी भाजलेल्या दाण्यांचं कूट. पहिल्याच घासाला मी चमचा खाली ठेवला. कूट घातलेल्या रस्श्याचा तो जो कडेला सुटलेला तवंग असतो, तो, आणि तोच गोडसर जडपणा. आमटी वेगळी, देश वेगळा, पण हे कूट कोणत्या डब्यातलं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे होते ते भाचीने घेतले. मी रस्सा भातावर घेऊन दोनदा खाल्ला.

संध्याकाळी केनेडी पार्कात गारुआ पुन्हा उतरला होता. एका बाजूला आन्तिकुचोसच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या काळजाच्या तुकड्यांच्या, निखाऱ्यांचा धूर. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वाट्याला मालक टाकून देत ती काळजं-आतडी यायची, त्यातून हा पदार्थ लिमाच्या रस्त्यांवर रुजला. गाईचं मांस मी खात नाही, म्हणून सळईच्या टोकाला लावलेला भाजका बटाटा तेवढा घेतला आणि पिकारोनेसच्या कढईपाशी जाऊन उभी राहिले.

पिकारोनेस मला कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. लाल भोपळा आणि रताळं उकडून कुस्करलेलं, त्यात मैदा, बडीशेपेचा वास, फसफसून आलेलं सैल पीठ. बाईने हात पाण्यात बुडवला, पिठाचा गोळा उचलला, अंगठ्याने मधोमध भोक पाडलं आणि त्याच झटक्यात तो तेलात सोडला. कडं फुगलं. लांब काडीने तिने ते भोकातून उचलून उलटलं. चार-पाच कडी काडीवरच निथळत ठेवली. मग ताटलीत घेऊन वरून चान्काकाचा पाक ओतला, म्हणजे कच्च्या गुळाची ढेप वितळवून, लवंग-दालचिनी घालून केलेली काकवीच. श्रावणातल्या घारग्यांचा वास आला मला. भोपळा त्यांच्याकडून आमच्याकडे गेला, ऊस आणि गूळ आमच्या बाजूने त्यांच्याकडे आला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी, एकमेकींना न विचारता, भोपळा आणि गूळ एकत्र आणून तेलात सोडला. बाईने चौथं कडं मोजून दिलं आणि पाचवं वर ठेवलं. आता मला शब्द माहीत होता. "यापा?" मी विचारलं. ती हसून म्हणाली, "यापा, कासेरिता."

रात्री नऊला घरी आलो तेव्हा मंचरला सोमवारची सकाळ साडेसात. बारस. आईचा उपास सुटायचा होता. मागे कुकरची तयारी ऐकू येत होती. मी तिला सगळं सांगितलं. मासाही सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "समुद्राकाठी आहेस. देवाला कळतं." मग सुनेला रडवणाऱ्या बटाट्याची गोष्ट सांगितली. ती मात्र तिने दोनदा सांगायला लावली आणि बटाटा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. फिरव, म्हणाली. आणखी फिरव.

"एक डोळा तरी आणता येईल का गं? कुंडीत लावून बघेन."

नाही आणता येत, मी सांगितलं. विमानतळावर काढून घेतात, रोग येतात त्यातून. करपा म्हटल्यावर तिला पटलं.

"मग आत्ता खाऊन टाका. आणि सोलत बसू नका. सासू नाहीये कोणी तिथे. सालासकट उकडा."

भाचीने पातेलं ठेवलं. वीस मिनिटांनी साल आपोआप सुटायला लागली, खाचांतून सुद्धा. आत जांभळा गर, कडेला पांढरी रेघ. फोडल्याबरोबर पिठासारखा भुगा झाला. एवढासा तर बटाटा. दोघींच्या वाट्याला दोन-दोन घास.

"मीठ लावा," आई म्हणाली. मग तिकडे कुकरची पहिली शिट्टी झाली आणि ती गॅस बारीक करायला गेली.